घोडी ओढली म्हणे

आमच्याकडची थंडी आधी नाकाला कळते. कपाशीची वेचणी सुरू होते, दुपारच्या उन्हातला चटका ओसरतो, आणि मग एका संध्याकाळी गल्लीत कुणाच्या तरी मागच्या अंगणात गेल्या सालच्या पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळकी खोडं, पेटतात. त्या जाळावर भरताची लांबट हिरवी वांगी टाकतात. साल करपते, आतला गर शिजून फुसफुसतो, आणि तो धुरकट, गोडसर वास भिंती ओलांडून सगळ्या जळगावभर फिरतो. लोकांना त्या वासानं भूक लागते. मला एक घोडी आठवते.

घोडी माझी नव्हती. माझ्या मामाचीही नव्हती. पण रोहिदासमामाचं नाव ज्या कुणाला माहीत आहे, त्याला ती घोडी माहीत असतेच. दोघांचा उल्लेख एका दमात होतो आणि तो करताना लोक थोडेसे हसतात. ते हसू मी लहानपणापासून ओळखते. त्यात राग नसतो. आता तर उत्सुकताही नसते. एखाद्याच्या लंगडण्याकडे बघून न बघितल्यासारखं करतात, तसं ते असतं.

त्या हिवाळ्यात मी आठवीत होते. बाबा दीपनगरला वीज केंद्रात नोकरीला होते आणि मी भुसावळच्या इंग्रजी शाळेत जात होते. शाळेला नाताळची सुट्टी असायची. मराठी शाळेत जाणाऱ्या मामेभावंडांना या सुट्टीचं मोठं नवल वाटायचं. “तुमना देव येगळा शे का?” असं एकानं विचारलं होतं. मला उत्तर देता आलं नाही. मला बहुतेक प्रश्नांची उत्तरं वेळेवर देता येत नसत. घरी जाऊन, अंघोळ करून, जेवायला बसल्यावर ती सुचत. शाळेतल्या बाई दरवर्षी रिपोर्ट कार्डावर लिहायच्या की मुलगी हुशार आहे, पण वर्गात भाग घेत नाही. बाबा ते वाचून विचारायचे, “का घेत नाहीस?” जणू भाग एका ताटात वाढून ठेवलेला होता आणि मी तो मुद्दाम सोडून उठले होते.

भुसावळहून सुरतेकडे जाणारी पॅसेंजर पकडायची, अमळनेरला डब्यात चढणाऱ्या बाईकडून बोरं घ्यायची, आणि नरडाण्याला उतरायचं. स्टेशनबाहेर मामा बैलगाडी घेऊन उभा असायचा. तो “उनात का?”, म्हणजे आलात का, एवढंच म्हणायचा आणि आमच्या पिशव्या उचलायचा. मग तापीच्या काठचं गाव येईपर्यंत गाडीत फक्त आई बोलायची. मामा मान हलवायचा. मी हरभऱ्याच्या शेतांवर बसलेलं दव बघायची. मला वाटायचं, या घरात माझ्यासारखा निदान एक माणूस आहे.

घोडी गावातल्या आबांची. आबा म्हणजे गावातले सर्वांत मोठे शेतकरी, आणि बोलण्यात त्याहून मोठे. घोडी त्यांच्या दारात बांधलेली असे, पण तिला खरारा करणं, भिजवलेले हरभरे चारणं, नदीवर नेणं हे सगळं मामा करायचा. कुणी सांगितलं म्हणून नव्हे. त्याला ते आवडायचं. काळसर तांबडी घोडी, चारही पाय गुडघ्याखाली पांढरे, कपाळावर पांढरा पट्टा. पंचकल्याणी म्हणतात अशा घोडीला, आणि शुभ मानतात. तिचं नाव लाडी. आमच्या खानदेशीत नव्या नवरीला लाडी म्हणतात. चालायचीही तशीच, पाय जपून टाकत, सगळ्यांच्या नजरा आपल्यावर आहेत हे माहीत असल्यासारखी.

मी तिच्याशी इंग्रजीत बोलायची. गावात कुणाला कळणार नाही म्हणून मोकळेपणानं बोलायची. एकदा मामानं ते ऐकलं आणि बराच वेळ ऐकत राहिला.

“तिले समजस का?” त्यानं विचारलं.

“तुम्ही बोलता ते समजतं का?” मी म्हटलं.

“मी कुठं काय बोलतो?” तो म्हणाला, आणि आम्ही दोघंही हसलो. त्याचं हसणं आवाज न करणारं होतं.

मार्गशीर्षात तापीकाठी खंडेरायाची यात्रा भरते. गुळाच्या गुडीशेवेचे ढीग, भज्यांचा धूर, एकीला एक बांधलेल्या बारागाड्या ओढण्याआधी अंगभर हळद फासलेला भगत, तमाशाच्या कनाती. आणि सकाळच्या पारी शर्यत. आमच्या गावची एक घोडी आणि नदीपलीकडच्या गावचा एक घोडा. नदीकाठची सपाट पट्टी आहे, तिथं लांबच्या बाभळीपासून सोडतात आणि देवळासमोर थांबवतात. बक्षीस म्हणाल तर काही नाही. जिंकलेल्या घोड्यानं देवाच्या पालखीपुढं चालायचं, आणि हरलेल्या स्वारानं जिंकलेल्याच्या डोक्याला आपल्या हातानं फेटा बांधायचा. एवढंच. पण त्या एवढ्यावर दोन्ही गावं वर्षभर एकमेकांना टोमणे मारत.

या शर्यतीत चाबूक चालत नाही. खंडेरायाचं वाहन घोडा. त्याच्या दारात त्याच्या वाहनाला मारायचं कसं? म्हणून स्वाराच्या हातात काठीही नसते. टाच आणि तोंड, दोनच हत्यारं. त्यामुळे स्वार ओरडतात. जिवाच्या आकांतानं ओरडतात. घोड्याला शिव्या देतात, देवाला साकडं घालतात, आईचं नाव घेतात. धूळ एवढी उडते की दिसत काहीच नाही, पण आवाजावरून लोक सांगतात की अमका पुढं आहे. पलीकडच्या गावचा धनराज तर असा ओरडायचा की पैलतीरावरची कुत्री उठून बसत. जो जास्त ओरडतो त्याला जास्त जिंकायचं आहे, असा सरळ हिशोब होता.

मामा ओरडत नसे. तो घोडीच्या मानेवर वाकायचा आणि गप्प राहायचा. तरीही आधीच्या वर्षी तो जिंकला होता, त्याच्या आधीही. तेव्हा आबा चारचौघांत सांगायचे, “आमना रोहिदास घोडीना कानमा मंत्र टाकस.” त्याचं गप्प असणं गावाला तेव्हा फार आवडायचं.

त्या वर्षी मात्र एक गोष्ट वेगळी होती. माझी विमलमावशी, मामाची धाकटी बहीण, त्याच पलीकडच्या गावात दिलेली होती. धनराज तिचा सख्खा दीर. दिवाळीला ती माहेरी आली आणि तिला परत न्यायला कुणी आलंच नाही. सासूनं माहेरच्या फराळावरून काही तरी म्हटलं होतं, हिनं निघताना उलट उत्तर दिलं होतं. आमच्या घरात उत्तर वेळेवर देता येणारी ती एकटी, आणि तीच आता ओसरीवर बसून रोज कपाशीतली सरकी निवडत होती. निवडायची गरज नव्हती. पण हात रिकामे दिसले की शेजारणी विचारत, “काय वं विमल, कधी जाशी?”

त्यामुळे यात्रेच्या आधीपासूनच थट्टा सुरू झाली होती.

“रोहिदास, यंदा पाहुण्यांना मान देणार का?” पारावरून कुणी तरी विचारायचं.

मामा नुसता पुढं जायचा. मामी मात्र दारातून सुनवायची, “मान द्यायचा तर जेवायला बोलावू. त्याला घोडी कशाला पायजे?”

सगळे हसायचे. मावशी आत निघून जायची.

शर्यतीच्या सकाळी तिनंच लाडीला ओवाळलं. कपाळावरच्या पांढऱ्या पट्ट्यावर कुंकू लावलं. त्या वेळी तिनं भावाकडे एकदा बघितलं, असं नंतर पुष्कळांनी सांगितलं. मी तिथंच उभी होते. बघितलं असेलही. घोडीच्या पलीकडे तोच उभा होता. ती दुसऱ्या कुणाकडे बघणार होती?

आम्हा बायकांना देवळाजवळ एका गाडीवर उभं केलं होतं. थंडीनं माझे कान दुखत होते. लांब बाभळीपाशी दोन ठिपके हलले, मग तिथून धूळ उठली आणि ठिपके त्या धुळीत गेले. मग धनराजचा आवाज आला. नंतर फक्त त्याचाच आवाज येत राहिला. माझ्या शेजारची म्हातारी म्हणाली, “आपला बोलेना का?” दुसरी म्हणाली, “तो कधी बोलस?” धूळ मोठी होत होत अंगावर आली, पायाखालची गाडी थरथरली, आणि धुळीतून पहिलं तोंड बाहेर पडलं ते पलीकडच्या घोड्याचं. त्याच्यामागं, अगदी लागून, पांढरा पट्टा. मुंडीभर अंतर असेल नसेल.

पलीकडची माणसं नाचली. आमची माणसं पुढं सरकली आणि थांबली. मामा उतरला. लाडीच्या नाकातून वाफ निघत होती, तिच्या अंगावर पांढरा फेस होता. मामानं तिच्या गळ्यावरून हात फिरवला. मग त्यानं फेटा घेतला आणि धनराजच्या डोक्याला बांधायला सुरुवात केली. त्याला फेटा बांधायची कला होती. गावातल्या सगळ्या नवरदेवांचे फेटे तोच बांधायचा. त्यानं पीळ व्यवस्थित दिला, तुरा सरळ काढला, मागचा शेमला नीट सोडला. मला वाटलं, किती सुंदर बांधला आहे. त्या क्षणी माझ्यासारखंच सगळं गाव त्या फेट्याकडे बघत होतं. फक्त त्यांना वेगळं काही दिसत होतं.

“हारेल माणूस असा फेटा बांधस?” माझ्यामागून एक जण म्हणाला.

आबा पुढं आले. त्यांनी तंबाखू थुंकली आणि एकच शब्द उच्चारला. “वढी.”

म्हणजे ओढली. स्वारानं लगाम मुद्दाम मागं ओढला, घोडीला पळू दिलं नाही. तो शब्द मी पहिल्यांदाच ऐकत होते. तो किती चपळ होता! देवळापासून भज्यांच्या दुकानापर्यंत, तिथून तमाशाच्या कनातीपर्यंत, आणि आम्ही घरी पोचायच्या आत आमच्या ओसरीपर्यंत. त्या सकाळी सर्वांत जोरात कोण पळालं असेल तर तो शब्द.

दुसऱ्या दिवशी आबांनी मला बोलावलं. त्यांच्या ओट्यावर पाचदहा माणसं बसली होती. मामा खालच्या पायरीवर होता. आबा म्हणाले, “ही पोर इंग्रजी शाळेत शिकते. हिला ना या गावाचं पडलेलं, ना त्या गावाचं. ही खोटं बोलणार नाही. सांग बाई, तुनी काय देखं? याना हात कुठे व्हतात?”

सगळे माझ्याकडे बघत होते. मामा बघत नव्हता. तो पायरीवरच्या मुंग्यांकडे बघत होता. मला खूप वाटलं की मी पाहिलं म्हणावं. मामाचे हात सैल होते, मानेवर होते, पुढं होते. पण मी पाहिलं नव्हतं. कुणीच पाहिलं नव्हतं.

“धूळ दिसली,” मी म्हटलं.

ओटा हसला. “चांगली शिकाडेल शे!” एक जण म्हणाला. “मामाची भाची!” दुसरा म्हणाला. आबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि घरातून गूळ-शेंगदाणे आणवले. माझं खरं बोलणं त्यांनी शिकवून आणलेली हुशारी म्हणून घेतलं, आणि ते मामाच्या विरुद्ध गेलं. भाचीनं मामाला झाकलं, म्हणजे झाकण्यासारखं काही होतं.

त्याच दुपारी पलीकडच्या गावची गाडी आमच्या दारात आली. धनराज आणि मावशीचा नवरा मावशीला न्यायला आले होते. बैलांच्या शिंगांना अजून यात्रेचे गोंडे होते. धनराज आनंदात होता, मोठमोठ्यानं बोलत होता. जिंकलेल्या माणसाला कशावरून रुसलो होतो तेच आठवत नव्हतं. मावशीनं घाईघाईत लुगडी बांधली. तिचा चेहरा उजळलेला होता, आणि तो उजळलेला दिसू नये म्हणून ती धडपडत होती. गल्लीतली सगळी दारं उघडी होती. गाडी वळेपर्यंत सगळे बघत राहिले. मग समोरची बाई मामीला म्हणाली, “चला, काम झायं.”

मामीच्या जिभेला हाड नव्हतं, पण त्या दिवशी ती दार लोटून आत गेली.

मी पुष्कळदा विचार करते, की त्या दिवशी मामानं काय करायला हवं होतं. फेटा वेडावाकडा बांधायला हवा होता? बहिणीला म्हणायला हवं होतं, की आज जाऊ नकोस, महिनाभरानं जा? धुळीत ओरडायला हवं होतं, घोडीसाठी नव्हे, आमच्या गाडीवरच्या म्हाताऱ्यांसाठी? माणूस आपला जीव ओततो तेव्हा त्याचा आवाज होतोच असं नाही. आणि जीव ओतला हे दाखवायला त्याच्याकडे दुसरं असतं काय? हरणं दिसतं. पळणं दिसत नाही.

मला वाटलं होतं, निदान पलीकडचं गाव तरी मामाच्या बाजूनं असेल. त्यांना तर जिंकल्याचा आनंद होता. पण त्या शब्दाला नदी ओलांडायला एक दिवसही लागला नाही. तिकडे गेल्यावर त्याचा अर्थ झाला, की तुमचा घोडा जिंकला नाही, त्याला जिंकू दिलं. धनराजनं डोक्यावरचा फेटा काढून आढ्याच्या खुंटीला टांगला तो पुन्हा घातला नाही म्हणे. मावशीला सासूनं ऐकवलं, “तुन्हा भाऊनी भीक टाकी आम्हले.” जिच्यासाठी त्यानं शर्यत सोडली असं सगळे म्हणत होते, तिला त्या शर्यतीचा घास रोज ताटात मिळू लागला. भाजीत मीठ कमी पडलं तरी शर्यत निघायची.

मामा एकदाच आबांकडे गेला. मी त्याच्याबरोबर होते, कारण लाडीला पाणी पाजायची ती वेळ होती. तो म्हणाला, “आबा, पुढल्या साली आणखी एकदा द्या. एकदाच.”

आबा वाईट माणूस नव्हते. त्यांनी त्याला ओट्यावर शेजारी बसवलं, चहा दिला. मग समजावल्यासारखं म्हणाले, “देख रोहिदास. पुढल्या साली तू जिकना, त औंदा वढी व्हती हाई नक्की. आन हारना, त तुले सवय लागनी. माले सांग, मी काय करू?”

मामानं सांगायला तोंड उघडलं. खरंच उघडलं, मी पाहिलं. आणि मग कपात राहिलेला चहा पिऊन टाकला.

मी वर्गात गणित शिकत होते तेव्हा. जिंकलं तरी ओढलीच, हरलं तरी ओढलीच, असं दोन्ही बाजूंनी एकच उत्तर येणारं गणित आम्हाला बाईंनी कधी घातलं नव्हतं.

त्याच महिन्यात दत्तजयंतीला सारंगखेड्याचा घोडेबाजार भरला आणि आबांनी लाडीला विकायला काढलं. तिला तिकडे घेऊन कोण जाणार? दुसऱ्या कुणाच्या हाती ती चालत नव्हती. मामाच निघाला. सकाळचं कोवळं ऊन होतं, दोन्ही बाजूंना हरभरा फुलला होता. त्यानं तिच्यावर स्वारी केली नाही. दोर हातात धरून तिच्या बरोबरीनं पायी चालत गेला. ओढ्याच्या उतारावर लाडी थबकली, पाय जपून टाकत खाली उतरली. मी गावाच्या वेशीपर्यंत गेले होते. मला तिला काही तरी सांगायचं होतं, पण इंग्रजीतही सुचलं नाही. तो परत आला तेव्हा दोर कमरेला गुंडाळलेला होता. लोक म्हणाले, “त्यानंच विकायला लावली. घोडी ऱ्हायती, त कधी ना कधी खरं निघतं.”

पुढच्या दिवाळीला आम्ही सगळे मामाकडे होतो. भाऊबीजेला विमलमावशीही आली होती, त्या वर्षी रीतसर न्यायला माणूस येणार होता. मामा पाटावर बसला. मावशीनं ओवाळलं, आणि तबक खाली ठेवताना, मी दारामागे आहे हे न बघता, तिनं हळूच विचारलं, “दादा, मन्हासाठी वढी का रे?”

“नही,” मामा म्हणाला.

ती त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. वर्षभर तिनं त्या शर्यतीपायी टोमणे खाल्ले होते, पण त्या टोमण्यांच्या तळाशी तिनं एक गोष्ट जपून ठेवली असावी, की आपल्यासाठी आपला भाऊ एवढं हरला. आता तो म्हणत होता की नाही. आणि तिला ते खरं मानायचं नव्हतं.

“नको सांगू,” ती म्हणाली. “मले माहीत शे.” तिनं वाकून त्याला नमस्कार केला. धाकटी बहीण थोरल्या भावाला करते तसा नव्हे. देवाला करतात तसा. मामा पाटावर अवघडून बसून राहिला. शत्रूंनी घातलेला आरोप माणूस झटकू तरी शकतो. हा कसा झटकणार?

याला आता बरीच वर्षं झाली. बाबा बदली घेऊन जळगावला आले, आम्ही इथं घर बांधलं, मी बी.एस्सी. झाले. तुळशीचं लग्न लागलं की आमच्याकडे स्थळं बघायला सुरुवात होते. यंदा माझी पाळी होती.

मुलगा धुळ्याचा, इंजिनियर. माणसं चांगली होती. मला काही खटकलं नाही. मी पोह्यांच्या बशा दिल्या, खुर्चीवर बसले, आणि मुलानं मला विचारलं, “तुम्हाला काय आवडतं?” साधा प्रश्न होता. मला पुष्कळ काही आवडतं. मला नदीकाठचा वारा आवडतो, जुन्या कपड्यांचा वास आवडतो, कुणी नसताना मोठ्यानं वाचायला आवडतं. हे सगळं एकाच वेळी दाराशी आलं आणि अडकलं. मी त्याच्या मोज्यांकडे बघत राहिले. आईनं माझ्या वतीनं भरतकाम सांगितलं. मुलाच्या आईनं विचारलं, “इंग्रजी शाळेतली ना? मग बोलत का नाही?” सगळे हसले. मीही हसायला हवं होतं.

चार दिवसांनी निरोप आला. मुलगी छान आहे, पण तिच्या मनात नाही असं दिसतं.

बाबांनी निरोप सगळ्यांना सांगितला. मग आई म्हणाली, “मुद्दाम केलंस ना?” बाबा म्हणाले, “नको होतं तर आधी सांगायचं होतं.” काकू आली, तिनं बाजूला घेऊन विचारलं, “दुसरं कुणी आहे का?” कॉलेजातल्या मुलांची नावं तपासून झाली. त्या दिवशी मी फिकट रंगाची साडी निवडली होती, हे आईला आठवलं. बशी देताना माझा हात थरथरला नव्हता, हे काकूला आठवलं. ज्या मुलीला लग्न हवं असतं तिचा थरथरतो.

मी “नाही” म्हणत राहिले. प्रत्येक “नाही” बरोबर त्यांची खात्री वाढत गेली. आणि मी खोलीत एकटी बसले की मलाही प्रश्न पडू लागला. खरंच मला उत्तर सुचलं नव्हतं, की सुचू द्यायचं नव्हतं? शब्द अडकले होते, की मी धरून ठेवले होते? त्या खुर्चीवर काय झालं ते आता मी आठवायला जाते तेव्हा तिथं आईचा आवाज येतो, काकूचा येतो. माझं स्वतःचं काही दिसत नाही.

गेल्या आठवड्यात मामा आला. आता केस पिकलेत, पण अजून ताठ चालतो. कसल्याशा अर्जाचं काम होतं कचेरीत, ते उरकून घरी आला, पिशवीभर ओल्या शेंगा घेऊन. आईनं त्याला सगळं सांगितलं. मग म्हणाली, “तूच विचार हिला. तुझ्याशी बोलते ती.”

आम्ही मागच्या पायरीवर उन्हात शेंगा फोडत बसलो. आई आत भांडी लावत होती. मला बरं वाटत होतं. साऱ्या जगात एकच माणूस असा होता, जो मला हे विचारणार नाही, असं मला वाटत होतं. टरफलं पायरीवर पडत होती.

मग त्यानं विचारलं, “तुले नको व्हता का गं तो पोऱ्या?”

विचारून झालं आणि त्याचा हात थांबला. माझ्याकडे न बघता तो हातातल्या शेंगेकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मी आबांच्या ओट्याखालच्या पायरीवरही पाहिलं नव्हतं. त्याला विचारायचं नव्हतं. ते त्याच्या तोंडून निघून गेलं होतं. मला त्याचा राग आला नाही. लोक वाईट असतात म्हणून विचारतात, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते.

मी “नाही” म्हणणार होते. पण त्या शब्दाचं पुढं काय होतं ते आम्हा दोघांना माहीत होतं.

“माहीत नाही, मामा,” मी म्हटलं.

त्यानं मान हलवली. शेंग फोडली, दाणे माझ्या तळहातावर ठेवले. मग फार हळू आवाजात म्हणाला, “मलेबी नही. पहिले माहीत व्हतं. आता हात आठवतच नही.”

आम्ही दोघांनीही त्याच्या हातांकडे बघितलं. शेंगांच्या मातीनं ते भुरके झाले होते.

आतून आईनं विचारलं, “काय म्हणाली रे?”

मामानं माझ्याकडे पाहिलं. “काही नही म्हनाली,” तो म्हणाला.

आत भांड्यांचा आवाज क्षणभर थांबला.

“वाटलंच होतं मला,” आई म्हणाली.